सातवी क, तपासायचे बाकी

१

फाइल गायब झाली होती, आणि ती मी लपवलेली नव्हती. यातल्या पहिल्या गोष्टीवर सगळ्यांचा विश्वास बसला, दुसरीवर कुणाचाच नाही.

बसणार कसा? शाळेत मी चित्रकला शिकवतो, पण पोरं मला टोपीसर म्हणतात. मी आयुष्यात कधी टोपी वापरलेली नाही. घातल्या त्या दुसऱ्यांना. हेडमास्तरांची छत्री प्रयोगशाळेतल्या सांगाड्याच्या हातात कुणी दिली? मी. हजेरीचं मस्टर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माशांच्या टाकीत कुणी बुडवलं? मीच. त्यामुळे बुधवारी मोठ्या सुट्टीत हेडमास्तर स्टाफरूममध्ये शिरले ते सरळ माझ्याकडेच आले.

"टोपीसर, पुरे झालं आता. फाइल काढा."

"कुठली फाइल?"

"पगारवाढीची!"

स्टाफरूममधले सगळे चहाचे कप जागच्या जागी थांबले.

ही फाइल म्हणजे काय, ते आधी सांगतो. आमची पगारवाढ चार वर्षांपूर्वी मंजूर झाली. मंजूर म्हणजे कागदावर. चार वर्षं आम्ही अर्ज केले, मोर्चे काढले, काळ्या फिती लावल्या, फिती धुऊन पुन्हा लावल्या. शेवटी शिक्षण खात्याच्या ऑफिसातून निरोप आला, की अख्ख्या शाळेची कागदपत्रं एकत्र पाठवा, प्रत्येकाचं सर्व्हिस बुक आणि सही केलेला फॉर्म. एकट्यादुकट्याचा कागद घेणार नाही. आणि फाइलीवर ऑफिसचा शिक्का पडेल त्या दिवशी जो कामावर असेल, त्यालाच वाढ. जो निवृत्त झाला, त्याला जुना पगार, आणि त्या जुन्या पगारावर बेतलेली पेन्शन. मरेपर्यंत.

आणि आमच्या गणिताच्या बाई शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता निवृत्त होणार होत्या.

म्हणून सगळी धावपळ. एकोणीस जणांच्या सह्या दोन दिवसांत झाल्या. बुधवारी दुपारी हेडमास्तर स्वतः फाइल घेऊन ऑफिसात जाणार होते. ते कपाटाशी गेले आणि तिथे फाइलच नव्हती.

"सर, माझ्या पोरांची शपथ," मी म्हटलं.

"तुम्हाला पोरं नाहीत."

"म्हणूनच शपथ घेता येते. पण खरंच सांगतो, बाईंच्या पेन्शनीशी मी खेळेन का?"

हेडमास्तरांनी घाम पुसला. माणूस भित्रा, पण वाईट नाही. "उद्या शाळा सुटेपर्यंत फाइल माझ्या टेबलावर हवी. नाहीतर मी ऑफिसला लेखी कळवतो. तुमच्या नावानिशी."

कोपऱ्यात गणिताच्या बाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, यांनाही मीच चोर वाटतोय. ते मात्र लागलं मला.

त्याच क्षणी ठरवलं. बत्तीस वर्षं वस्तू लपवण्यात घालवली, आता एकदा शोधून दाखवतो.

२

पहिला गेलो आमच्या क्लार्ककडे. याला सगळे शिक्का म्हणतात. हातात कागद आला की हा आधी शिक्का मारतो आणि वाचायचं राहिलंच तर नंतर वाचतो.

"कपाटाची किल्ली कुठे असते?" मी विचारलं.

"कॅलेंडरमागच्या खिळ्याला."

"हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"चौथीच्या पोरांनाही माहीत आहे. तुम्ही त्या किल्लीला मागच्या वर्षी रिबीन बांधली होती, विसरलात?"

मी विषय बदलला. "शेवटची फाइल कधी पाहिलीस?"

"दुसऱ्या तासाला. बाईंची सही तेवढी राहिली होती, त्या मंगळवारी रजेवर होत्या ना. सगळ्यांनी अर्ध्या मिनिटात सह्या ठोकल्या, बाईंनी पूर्ण तास घालवला. चष्मा दोनदा पुसला. मी म्हटलं, बाई, सही करा, वाचायचं काय त्यात? मग सही करून दिली. मी फाइल कपाटात ठेवली आणि तिसऱ्या तासाला चहाला गेलो."

"आलास तेव्हा कपाट उघडं होतं?"

"छे! बंद. किल्ली खिळ्याला. आणि टोपीसर, एक गंमत बघा." त्याने कपाट उघडलं.

मी बघतच राहिलो. हे कपाट मला चांगलं माहीत होतं. त्यात फायली अशा कोंबलेल्या असायच्या, की एक ओढली तर सहा अंगावर यायच्या. आता त्या रांगेत उभ्या होत्या. एक, दोन, तीन, क्रमाने चाळीसपर्यंत. फक्त सोळा आणि अठराच्या मधे बोटभर जागा मोकळी. सतरा नंबर म्हणजे आमची पगारवाढ.

"हे तू लावलंस?"

"मी?" शिक्का दुखावला. "एकवीस वर्षांच्या नोकरीत कधी केलं नाही असलं काही!"

म्हणजे चोराने चोरी केली आणि जाता जाता कपाटही लावून ठेवलं. वर आपण काय नेलं तेवढी जागा नीट मोकळी ठेवली. मी बरेच चावट लोक पाहिलेत, आरशातही पाहिलाय एक, पण असला चोर पाहिला नव्हता.

व्हरांड्यात शिपाई मावशी झाडू मारत होत्या. खोल्यांच्या किल्ल्या, घंटा, खडू, सगळं मावशींच्या ताब्यात.

"मावशी, तिसऱ्या तासाला शाळेच्या ऑफिसकडे कोण गेलं?"

"मी घंटा बघते, माणसं नाही बघत."

"बरं, निदान पांढरे खडू तरी द्या."

"संपले."

"सोमवारी तर नवीन खोकं आलं होतं!"

"आलं होतं नं. आता संपलं." मावशींनी माझ्या बुटांवरून झाडू फिरवला. "माणसाने सगळ्यात नाक खुपसू नये, सर. नाकात धूळ जाते."

३

माझा खरा संशय होता ठिणगीवर.

ठिणगी म्हणजे विज्ञानाचे तरुण सर. नोकरीला नऊ वर्षं झालीत, आणि बोलायला लागला की समोरच्याच्या शर्टाला भोक पडतं. सोमवारपासून बेमुदत संप, ही त्याचीच कल्पना. फाइल ऑफिसात गेली असती तर संपातली हवाच गेली असती. म्हणजे फाइल गायब होण्यात फायदा कुणाचा असेल तर त्याचा.

प्रयोगशाळेत तो परीक्षानळ्या धूत होता. सांगाड्याच्या शेजारी उभा राहून मी सरळ विचारलं, "फाइल कुठे आहे?"

"हेडमास्तरांना विचारा."

"ते का लपवतील?"

"कारण फाइलीला जोडलेलं पत्र मी लिहिलंय! 'चार वर्षं आपण झोपला होतात काय,' असं स्पष्ट विचारलंय. हेडमास्तर ऑफिसच्या शिपायालाही साहेब म्हणतात. ते पत्र न्यायची त्यांना धडकीच भरली होती."

हे पटण्यासारखं होतं. तरी मी म्हटलं, "आणि तुझा संप?"

ठिणगीने नळी खाली ठेवली. "टोपीसर, मला तो फॉर्म एका पैशाने पटला नव्हता. 'यापुढे तक्रार करणार नाही' असं छापलंय त्यात. तरी डोळे मिटून सही केली. का? बाईंसाठी. पाचवीत नापास होत होतो मी. त्या मला रोज शाळेनंतर घेऊन बसल्या. घरी त्या आणि त्यांची अंथरुणाला खिळलेली नणंद, दोघी एका पगारात. बाईंच्या पेन्शनीसाठी मी तो फॉर्म काय, कोऱ्या कागदावरही सही केली असती. आम्ही सगळ्यांनीच."

त्याचे डोळे भरले होते. मी हसवायला गेलो, "रडू नकोस, सांगाडा गंजेल," आणि माझा रुमाल त्याच्या हातात कोंबला.

माझी यादी अशी झाली. हेडमास्तरांना भीती. ठिणगीला संप. शिक्क्याला आळस, म्हणजे त्याने फाइल कुठेतरी हरवून कपाटाचं नाटक केलं असेल. आणि मी, ज्याने केलं नाही हे फक्त मला माहीत. बाईंचं नाव मी लिहिलंच नाही. जिचं सगळं बुडणार, तिचं नाव यादीत कशाला?

शेवटच्या तासाला सातवी क वर होतो. फळ्यावर भांडं काढत असताना एक कागदी विमान येऊन माझ्या टकलावर उतरलं. उलगडून पाहिलं, गणिताच्या चाचणीचा पेपर. लाल शाईत एकतीस मार्क, आणि समासात बाईंच्या बारीक अक्षरात 'पायऱ्या दाखव.' मी त्यावर मिशीवाला पायलट काढला आणि विमान परत पाठवलं. वर्ग हसून कोसळला.

त्या विमानात अख्खी चोरी घडी घालून ठेवलेली होती. मी ती माझ्या हाताने उडवून दिली.

४

गुरुवारी सकाळी हेडमास्तरांनी झडती काढली. सगळी कपाटं, सगळ्या पिशव्या, सगळ्या गाड्यांच्या डिक्क्या. माझ्या खणातून एक रबरी पाल, दोन खोट्या मिशा आणि हेडमास्तरांचं दीड वर्षापूर्वी हरवलेलं पेन निघालं. माझी बाजू काही भक्कम झाली नाही.

फाइल मिळाली नाही.

मी स्टाफरूममध्ये येऊन धपकन बसलो. समोर बाई होत्या. सोमवारीच त्यांनी आपले सगळे तास दुसऱ्या बाईंकडे सोपवले होते, निरोपाचे दिवस म्हणून. तरी दिवसभर त्या इकडून तिकडे जात होत्या, काखेत तो गठ्ठा. खाकी कागदात बांधलेला, वर दोरा, त्यावर ठळक अक्षरात लिहिलेलं, 'गणित, सातवी क, चाचणी. तपासायचे बाकी.'

"बाई," मी म्हटलं, "तुम्हाला तरी वाटतं का, मी असं करेन?"

"नाही."

"मग काल तसं पाहिलंत का?"

"मी विचार करत होते, की तुम्ही किती वेळ घ्याल." त्यांनी गठ्ठा टेबलावर ठेवला. बोटं पांढरीफटक होती, बाहीवरही पांढरं. "सर, तुम्ही चुकीच्या टोकाने सुरुवात केलीत. फायदा कुणाचा ते बघताय. गणितात आधी दिलेलं काय आहे ते वाचायचं. नीट. दोनदा."

"मी चित्रकलेचा माणूस, बाई."

"मग नीट बघा."

त्या हात धुवायला गेल्या. मी चहाचा कप त्या गठ्ठ्यावर ठेवला. गठ्ठ्यावर आधीच कपांची तीन वर्तुळं उमटलेली होती. म्हणजे कालपासून सगळेच त्यावर कप ठेवत होते आणि कुणी त्याला बोट लावत नव्हतं. बरोबरच आहे. न तपासलेल्या पेपरांच्या गठ्ठ्याला मास्तर कधी हात लावत नाही. लावला की समोरून आवाज येतो, "अहो, मोकळे आहात वाटतं, अर्धे घ्या की!" साप दिसला तर आम्ही निदान थांबून बघतो. असा गठ्ठा दिसला की मान फिरवून निघून जातो.

मी कप उचलला. सहज नजर गेली. सातवी क. चाचणी. तपासायचे बाकी.

डोक्यावर पुन्हा विमान उतरलं.

सातवी क ची चाचणी तर तपासून झाली होती! पेपर पोरांच्या हातात होते. एकतीस मार्क मी स्वतः पाहिले होते. या सत्रात चाचणी एकच झाली होती.

मग या गठ्ठ्यात काय होतं?

मी हात पुढे केला. तेवढ्यात बाई आल्या, त्यांनी शांतपणे गठ्ठा काखेत मारला आणि निघाल्या. स्टाफरूममध्ये सहा जण बसले होते. सहाही जणांनी माना फिरवल्या.

५

मी मागोमाग गेलो. जाताना सगळं डोक्यात खटाखट बसत गेलं. आकडे वेडेवाकडे दिसले की ज्यांना चैन पडत नाही आणि ज्या कपाटही क्रमाने लावतात, अशा शाळेत कोण? बाई. एकोणीस जणांत फॉर्म वाचून सही कुणी केली? बाईंनी. तास सोपवलेले असताना खडूने हात कुणाचे पांढरे? बाईंचे. सगळं त्यांच्याकडेच बोट दाखवत होतं. फक्त एक गोष्ट बसत नव्हती, आणि ती डोंगराएवढी होती. फाइल गेली नाही तर एकटं नुकसान होणार होतं तेही त्यांचंच!

बाई मागच्या इमारतीकडे वळल्या. तिथे खोली नंबर नऊ. छताचं प्लास्टर पडलं म्हणून दोन वर्षं बंद. पूर्वी तिथे तीन वर्ग एकत्र बसायचे, म्हणून तिन्ही भिंतींना फळे. दारात शिपाई मावशी स्टूल टाकून बसल्या होत्या, पहाऱ्याला. मला पाहून उठल्या आणि झाडू आडवा धरला.

आतून आवाज आला. "येऊ द्या त्यांना, मावशी. एक दिवस लागला. मला दोन वाटले होते."

मी आत पाऊल टाकलं. आणि माझं तोंड, जे बत्तीस वर्षांत बंद झालं नव्हतं, ते बंद झालं.

तीन भिंती. छतापासून जमिनीपर्यंत आकडे. बारीक, सरळ, एकाखाली एक, जणू कुणी दोरी सोडून भिंत विणली होती. हातचे आकडे डोक्यावर एवढेसे, तारेवर बसलेल्या पाखरांसारखे. प्रत्येक भागावर एकेकाचं नाव, त्याखाली एकेक महिना. अठ्ठेचाळीस महिने, अठ्ठेचाळीस ओळी, प्रत्येक ओळीत वाढ, वजावट, बेरीज. शेवटी 'उत्तर' आणि त्याखाली दोन रेघा. वरच्या ओळींसाठी बाकावर बाक चढवलेला होता. अठ्ठावन्न वर्षांची बाई त्यावर चढली होती! मी खोडलेली जागा शोधली. तिन्ही भिंतींवर डस्टर फिरल्याची एक खूण नव्हती. उन्हाची तिरीप खिडकीतून आत आली होती आणि तिच्यात खडूची धूळ इतकी हळू तरंगत होती, की ती धूळही मोजून सोडल्यासारखी वाटली.

आयुष्यभर मुलांना सांगत आलो, चित्र म्हणजे काय ते. मला पहिल्यांदा कळलं, की मी चित्र पाहिलंच नव्हतं.

"बाई," मी कुजबुजलो. "हे काय आहे?"

६

"चूक आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी खाकी कागद सोडला. आत सतरा नंबरची फाइल. "ऑफिसने वाढीचे दोन तक्ते पाठवले होते. एक जुन्या लोकांचा, एक गेल्या बारा वर्षांत लागलेल्यांचा. आपल्या क्लार्कने माझा फॉर्म आधी भरला, नमुना म्हणून. तो बरोबर आहे. मग तोच तक्ता समोर ठेवून बाकी सगळे भरले. अकरा जुन्यांचे बरोबर आले. सात तरुणांचे चुकले. त्यांच्या तक्त्यात दर दुसऱ्या वर्षी जादा टप्पा आहे, तो धरलाच नाही. सातही जण एक पायरी खाली राहणार. आज नाही, कायम. आणि खाली छापलंय, 'हिशेब तपासला, यापुढे तक्रार करणार नाही.'"

"आणि सगळ्यांनी सह्या केल्या..."

"न वाचता." बाईंचा आवाज प्रथमच चढला. "अहो, दर परीक्षेला आपण पोरांवर ओरडतो, प्रश्न नीट वाचा, दोनदा वाचा! आणि अठरा मास्तर न वाचता सही करतात!"

मी मान खाली घातली. अठरामध्ये मी होतो.

"पण बाई, हे सांगायचं की! त्यासाठी चोरी?"

"सांगितलं असतं तर काय झालं असतं? तुमचा ठिणगी आहे त्या सातांत. काय म्हणाला असता तो?"

मला प्रयोगशाळा आठवली. कोऱ्या कागदावरही सही केली असती.

"तो म्हणाला असता, राहू द्या, बाई, तुमची पेन्शन महत्त्वाची, आमचं बघू पुढे. साती जण तेच म्हणाले असते. हेडमास्तर फाइल घेऊन पळत सुटले असते. माझ्या एका पेन्शनीसाठी सात घरं जन्मभर पायरी उतरली असती, आणि वर मला हार घातला असता." त्यांनी खडू उचलला. "पाच जणांचं झालंय. दोन राहिलेत, मग नवे फॉर्म. मंगळवारपर्यंत होईल. मग फाइल जाईल."

"मंगळवारी तुम्ही निवृत्त असाल!"

"तारीख मला माहीत आहे, सर."

"आणि नणंदबाई? औषधं?"

बाईंनी बोटांवरची खडूची धूळ झटकली. "तो हिशेबही केलाय मी."

"कागदावर करायचं ना हे सगळं, लवकर झालं असतं."

"कागदावर चूक लपते. फळ्यावर लिहिलं की सगळ्या वर्गाला दिसते. सवय आहे." मग वळून म्हणाल्या, "तुमच्या तोंडून यातला एक शब्द बाहेर जाता कामा नये. वचन द्या."

बाईंपुढे कुणाचं काय चालतं? दिलं मी वचन. तोंडातून एक शब्द काढणार नाही.

हेडमास्तरांना संध्याकाळी जाऊन सांगितलं, "सर, मला एक दिवस द्या. उद्या फाइल नाही मिळाली तर माझं नाव मी स्वतःच्या हाताने लिहून देतो." त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. त्यावर हसू नव्हतं, त्यालाच ते बहुतेक घाबरले आणि हो म्हणाले.

७

तोंडातून शब्द काढणार नाही, एवढंच म्हणालो होतो. हाताबद्दल कुणी बोललं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी मी नऊ चिठ्ठ्या लिहिल्या. शाळेत कुणी गैरहजर असलं की हेडमास्तर मोकळ्या मास्तरला चिठ्ठी पाठवतात, जादा तास घ्यायची. ती चिठ्ठी बघून माणसाचा चेहरा पडतो, पण तो जातो. न जाण्याची आमची छातीच नाही. माझ्या चिठ्ठीवर होतं, 'जादा तास. खोली नऊ. ताबडतोब.' खाली हेडमास्तरांची सही. ती मला त्यांच्यापेक्षा चांगली येते. सात चिठ्ठ्या सात तरुणांना, आठवी शिक्क्याला, नववी खुद्द हेडमास्तरांना. मोठ्या वर्गांना मैदानावर नेऊन चित्रं काढायला बसवलं. विषय, 'गप्प बसलेली शाळा.'

"मी मलाच चिठ्ठी कधी पाठवली?" असं पुटपुटत हेडमास्तर खोली नऊपर्यंत आले, आणि दारात थांबले.

आत सात जण उभे होते. प्रत्येक जण भिंतीवरचं आपलं नाव शोधत होता, आणि सापडलं की तिथेच थिजत होता. ठिणगीचं नाव नव्हतं अजून. राहिलेल्या दोघांत होता तो.

शिक्का भिंतीला टेकला आणि हळूहळू खाली बसला. "मी केलं हे," तो म्हणाला. "मी वाचलंच नाही."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेने तीस वर्षांत भलेभले शेवटच्या बाकाखाली गेले आहेत.

"तोंडातून एक शब्द काढला नाही, बाई," मी म्हटलं.

"बाई, आम्हाला का नाही विचारलंत?" ठिणगीचा आवाज फुटला.

"विचारलं असतं तर तू काय म्हणाला असतास?"

"अजून पाच वाजेपर्यंत तुम्ही या शाळेत शिक्षिका आहात ना?" मी म्हटलं. "समोर वर्ग बसलाय. घ्या की तास. आम्हाला शिकवा ते दोन हिशेब."

बाईंनी घड्याळ पाहिलं. साडेनऊ. त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला. त्यांनी खडूचे दोन तुकडे केले, एक ठिणगीच्या हातात दिला. "जा फळ्यावर. पायऱ्या दाखव."

त्यानंतर जे झालं ते मी नुसतं बघत राहिलो. नऊ वर्षं पोरांना शिकवणारा ठिणगी पाचवीतल्यासारखा घाम पुसत हिशेब करत होता, आणि मागून आवाज येत होता, "हातचा?" "घेतला, बाई." "कुठे दिसत नाही." "मनात घेतला." "मनातले मार्क मनातच मिळतील." दुसऱ्या फळ्यावर दुसरा. उरलेले पाच जण आपापल्या भिंतीवरून नवे फॉर्म उतरवत होते. शिक्का आयुष्यात पहिल्यांदा प्रत्येक ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचत होता. मावशींनी एप्रनच्या खिशातून शेवटचे चार खडू काढून दिले. आणि सह्यांच्या वेळी प्रत्येकाने फॉर्म वाचला. दोनदा. मीसुद्धा. माझा बरोबर होता, पण खात्री करून घेताना डोळ्यांत पाणी का आलं, ते विचारू नका.

चार वाजून दहा मिनिटांनी फाइल तयार झाली.

ऑफिस पंधरा मिनिटांवर. मी, ठिणगी, हेडमास्तर धावत पोचलो तर खिडकीतला माणूस शिक्क्याच्या पॅडला झाकण लावत होता. "सोमवारी या."

"अजून अर्धा तास आहे!" ठिणगी पेटला.

"आवराआवरी असते. सोमवारी."

मी हेडमास्तरांकडे पाहिलं. ऑफिसच्या दारवानालाही साहेब म्हणणारा माणूस. आणि मग त्यांच्या पोटातून तो आवाज निघाला, ज्याने रोज सकाळी नऊशे पोरांची रांग सरळ होते.

"उभे राहाऽऽ!"

अख्खं ऑफिस उभं राहिलं. टेबलांमागची सगळी माणसं, आतल्या केबिनमधला साहेब हातात बिस्कीट घेऊन, सगळे. कुणालाच कळलं नाही आपण का उठलो. शाळेत तर सगळेच गेलेले असतात.

"खिडकीतला! झाकण काढ. शिक्का घे. आजची तारीख बघ. मार!"

त्याने मारला.

"पोच दे!"

त्याने पोचही दिली. वर "घ्या, सर," असं म्हणाला.

बाहेर आल्यावर हेडमास्तर पायरीवर बसले. "टोपीसर," ते म्हणाले, "मी ओरडलो का?"

८

पाचला दहा कमी असताना मी पोच घेऊन खोली नऊमध्ये शिरलो. बाई एकट्या होत्या. हातात डस्टर. दोन भिंती पुसून झाल्या होत्या.

"अहो बाई! हे काय करताय!"

"तास संपला. पुढे येणाऱ्याला फळा स्वच्छ मिळाला पाहिजे." मी पोच पुढे केली. त्यांनी ती वाचली. अर्थातच दोनदा. घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि डस्टर माझ्या हातात दिला. "उरलेला तुम्ही पुसा. आणि ती सही तुम्ही छान करता. पुन्हा करू नका."

घंटा झाली. मावशींनी ती नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ वाजवली.

बाई गेल्यावर मी तिसरी भिंत पुसायला घेतली. सगळ्यात खाली, कोपऱ्यात, बाकाच्या आड, वीतभर जागेत एक छोटा हिशेब होता. त्याला नाव नव्हतं. जुनी पेन्शन वरती. त्यातून खोलीचं भाडं वजा. दोघींचा किराणा वजा. नणंदेची औषधं वजा. उरलेला आकडा इतका लहान, की मला आधी वाटलं हातचाच आहे. त्याखाली, बाकी सगळ्या हिशेबांसारखंच, दोन रेघा ओढून लिहिलेलं होतं:

उत्तर: चालेल.

मी डस्टर खाली ठेवला.

पगारवाढ आली का? आली. अकरा महिन्यांनी, पण आली, सातही जणांची बरोबर, बाईंचीसुद्धा. खोली नऊचं छत दुरुस्त झालं, आता तिथे सातवी क बसते. तिन्ही भिंतींना नवा रंग लागला. फक्त एका कोपऱ्यात, खाली, जगाचा एक जुना नकाशा टांगलेला आहे, इतका खाली की मांजरालाच वाचता यावा. रंगारी तो काढायला आला तेव्हा मी म्हटलं, मागे ओल आहे, रंग टिकणार नाही. हेडमास्तरांनाही तेच सांगितलंय. पोरांनाही.

माझ्यावर सगळ्यांचा विश्वास बसला. कमाल आहे.